भूल, भान आणि वाणी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याविषयी बोलण्याचा अधिकार माझ्यापेक्षा आपणा सर्वांना अधिक आहे. तेव्हा औपचारिक प्रस्तावना आवरती घेऊन मी विषयाकडे वळतो. विषयाचे नाव पत्रिकेत छापून आले तेव्हा आपल्यापैकी काहींनी भुवया उंचावल्या असतील. केटामाइन नावाचे भुलीचे औषध आणि त्याच्या जोडीने करावयाचा मानसोपचार, या विषयावर मराठीचा निवृत्त प्राध्यापक काय सांगणार? ही शंका रास्त आहे. परंतु या औषधाचा इतिहास वाचत असताना मला दोन गोष्टी वारंवार भेटत राहिल्या, आणि त्या दोन्ही माझ्या प्रांतातल्या होत्या. एक म्हणजे 'भूल' हा शब्द, आणि दुसरी म्हणजे आपल्या या धार जिल्ह्याची जुनी राजधानी, धारानगरी.

बल्लाळकृत 'भोजप्रबंध' आपल्यापैकी अनेकांनी संस्कृतच्या तासाला थोडाबहुत वाचला असेल. ग्रंथ सोळाव्या शतकातला, म्हणजे भोजराजानंतर पाच शतकांनी रचलेला. त्यात कालिदास, बाण आणि भवभूती एकाच दरबारात बसतात, तेव्हा इतिहास म्हणून त्याचा आधार घेता येत नाही. पण त्यातली एक कथा आजच्या विषयाला फार जवळची आहे. नगराबाहेरच्या तळ्यावर नाकाने पाणी ओढून मस्तकशुद्धी करीत असता भोजाच्या नाकावाटे एक लहानशी मासोळी डोक्यात शिरली. डोके असह्य ठणकू लागले. एकाही वैद्याला निदान होईना. अखेर राजा इतका विटला की त्याने बुद्धिसागर नावाच्या मंत्र्याला आज्ञा केली, माझ्या राज्यात यापुढे वैद्य राहता कामा नये आणि वैद्यकाचे सारे ग्रंथ नदीत सोडून द्यावेत. नारदाकडून ही वार्ता इंद्राला कळली. अश्विनीकुमार काशीच्या वैद्यांचे रूप घेऊन धारानगरीत आले. त्यांनी राजाला मोहचूर्ण देऊन बेशुद्ध केले, कवटी उघडली, मासोळ्या काढून भांड्यात ठेवल्या, कवटी पुन्हा सांधली आणि संजीवनी देऊन राजाला शुद्धीवर आणले.

भूलशास्त्राच्या इतिहासावरील अनेक लेखांतून ही कथा 'इसवी सन ९२७ मधील मेंदूवरील शस्त्रक्रिया' म्हणून दिलेली आढळते. भोज गादीवर आला तो १०१०च्या सुमारास, तेव्हा हे साल कोणी कोठून काढले ते सरस्वतीच जाणे. असो. मला महत्त्व वाटते ते कथेच्या शेवटाचे, जो हे लेखक बहुधा गाळतात. राजा शुद्धीवर आल्यावर वैद्यांना विचारतो, आता पथ्य काय? वैद्य श्लोकातून उत्तर देऊ लागतात: स्नान कोणत्या पाण्याने करावे, काय प्यावे. तिसऱ्या चरणात ते 'मानवांनो' असे संबोधन वापरतात आणि राजा चमकतो. आम्हांला मानव म्हणणारे आपण कोण, असे विचारून तो त्यांचे हात धरतो. तत्क्षणी ते अंतर्धान पावतात. जाता जाता सांगून जातात की चौथा चरण कालिदासाने पुरा करावा, आणि कालिदास तो पुरा करतो. शस्त्रक्रिया देवांच्या वैद्यांनी केली, पण औषधानंतरचे बोलणे अर्धवट राहिले आणि ते पुरे करण्याचे काम एका कवीकडे आले.

प्रत्यक्ष भोजराजाकडे वळले तर याहून भक्कम आधार सापडतो. पतंजलीच्या योगसूत्रांवर 'राजमार्तंड' नावाची वृत्ती भोजाच्या नावावर आहे. तिच्या आरंभी वाणीचा, चित्ताचा आणि शरीराचा असे तीन मळ सांगितले आहेत. व्याकरणाने पहिला, योगाने दुसरा आणि वैद्यकाने तिसरा काढला, असा राजाचा गौरव तेथे केला आहे. शरीर आणि चित्त यांच्याबरोबर वाणीलाही उपचाराची गरज असते, हे मानणारी ही परंपरा याच प्रदेशात लिहिली गेली. हे त्रिकूट आपण ध्यानात ठेवू, कारण ज्या औषधाची गोष्ट मी सांगणार आहे तिच्यात पहिल्या दोहोंची काळजी घेतली गेली आणि तिसऱ्याचा विसर पुनःपुन्हा पडत गेला.

आता औषधाकडे येऊ. अमेरिकेतील डेट्रॉइट येथील पार्क-डेव्हिस कंपनीसाठी काम करणारे रसायनशास्त्रज्ञ कॅल्विन स्टीव्हन्स यांनी १९६२ मध्ये केटामाइन तयार केले. त्याआधीचे फेनसायक्लिडिन हे औषध भूल चांगली देई, पण शुद्धीवर येणारा रुग्ण तासन्‌तास भ्रमिष्टासारखा वागे. केटामाइनचा अंमल त्यापेक्षा पुष्कळ कमी काळ टिके. १९६४ मध्ये मिशिगनमधील जॅक्सन तुरुंगातील स्वयंसेवक कैद्यांना ते प्रथम देण्यात आले. एडवर्ड डॉमिनो आणि गुंथर कॉर्सन यांनी ते प्रयोग केले. या माणसांचे डोळे उघडे असत, श्वास नीट चाले, पण ते तेथे नसत. आपण अंतराळात तरंगत होतो, हातपाय आपले राहिलेच नव्हते, असे ते नंतर सांगत. या अवस्थेला नाव काय द्यावे याचा खल डॉमिनो घरी करीत असता त्यांच्या पत्नी टोनी यांनी एक शब्द सुचवला, ज्याचा मराठीत अर्थ 'वियोजित' असा होईल: शरीर येथे आणि जाणीव दुसरीकडे. औषधाचे नामकरण प्रयोगशाळेत न होता घरातल्या गप्पांत झाले, याची मला भाषेचा अभ्यासक म्हणून गंमत वाटते.

१९७० मध्ये या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि व्हिएतनामच्या युद्धात जखमींसाठी ते वापरले गेले. १९८५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आवश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश केला. त्याचे कारण सरळ आहे. या औषधाने श्वास सहसा मंदावत नाही आणि रक्तदाब कोसळत नाही. म्हणून जेथे भुलीची मोठी यंत्रे नाहीत, वीज केव्हा जाईल याचा भरवसा नाही, अशा लहान रुग्णालयांना ते वरदान ठरले. आपल्या देशातील ग्रामीण शस्त्रक्रियागृहांनाही त्याने फार मोठा हात दिला आहे.

आपण मराठीत या क्रियेला 'भूल देणे' म्हणतो. इंग्रजी शब्द १८४६ मध्ये ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी सुचवला. त्याचा अर्थ केवळ 'संवेदना नसणे' एवढाच आहे. मराठीने घेतलेला शब्द वेगळ्या कुळातला आहे. प्राकृतात 'भुल्ल' म्हणजे चुकलेला. त्यावरून आपल्याकडे रानात वाट चुकते ती रानभूल, रूपावर मन जाते ते भुलणे, फसवणूक होते ती भूलथाप. बल्लाळाचे 'मोहचूर्ण' याच अर्थाच्या जवळ जाते. इतर भुलीच्या औषधांना हा शब्द लावताना आपण थोडी ओढाताण करतो, कारण ती नुसती झोपवतात. केटामाइनला मात्र तो नेमका बसतो. हे औषध माणसाला खरोखर वाट चुकवते, कोठे तरी नेऊन सोडते, आणि परतल्यावर आपण कोठे होतो हे त्याला कोणाला तरी सांगावेसे वाटते.

या सांगण्याची दखल काही मनोविकारतज्ज्ञांनी लवकरच घेतली. १९७३ मध्ये इराणमधील खोर्रमजादे आणि लोत्फी या दोन डॉक्टरांनी सुमारे १०० मनोरुग्णांना कमी मात्रेत केटामाइन देऊन मनात कोंडलेल्या भावनांना वाट करून दिल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. मेक्सिकोत साल्वादोर रोके हा डॉक्टर अनेक मादक द्रव्ये, त्यांत केटामाइनही, रुग्णांच्या गटांना देई आणि त्यांना भयंकर दृश्यांचे चित्रपट दाखवी. १९७४ मध्ये त्याला अटक झाली. त्याच्या पद्धतीचे समर्थन मला करता येत नाही. दुखावलेल्या मनाला आणखी घाबरवून बरे करण्याची कल्पना आपल्याकडील मिरचीच्या धुरीच्या फार जवळची आहे.

खरे पद्धतशीर काम झाले ते लेनिनग्राडमध्ये. येवगेनी क्रुपित्स्की यांनी १९८५ पासून दारूच्या व्यसनाने ग्रासलेल्या रुग्णांवर केटामाइनच्या साहाय्याने मानसोपचार केले. त्यांची रीत तपशिलाने सांगण्यासारखी आहे. औषध देण्यापूर्वी रुग्णाशी कित्येक तास बोलणे होई: त्याचे आयुष्य, घर, दारू कशी लागली, सोडून काय साधायचे. मग इंजेक्शन. खोलीत भूलतज्ज्ञ असे आणि मानसोपचारकही असे, संगीत चालू असे, आणि मानसोपचारक रुग्णाशी त्याच्याच आयुष्यातल्या गोष्टींविषयी बोलत राही. अनुभव ऐन भरात असताना दारूचा वास दिला जाई. नंतर रुग्णाने आपला अनुभव लिहून काढायचा आणि गटात बसून त्याचा अर्थ लावायचा. दहा वर्षांच्या कामाचा आढावा त्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानुसार केटामाइन मिळालेल्या १११ रुग्णांपैकी ७३ जण, म्हणजे सुमारे ६६ टक्के, वर्षभराहून अधिक काळ दारूपासून पूर्ण दूर राहिले होते. नेहमीचे उपचार घेतलेल्या १०० पैकी २४ जणांनाच ते साधले. या आकड्यांवर आक्षेप घेता येतात. हे औषध मिळालेल्या माणसाला ते मिळाल्याचे कळतेच, त्यामुळे आशेचा परिणाम किती आणि द्रव्याचा किती हे वेगळे काढणे कठीण. तरीही या पद्धतीत बोलण्याला जो वेळ दिला गेला, तो औषधाच्या वेळेच्या कित्येक पट होता, हे विसरता येत नाही.

नेमक्या याच सुमारास आपल्या मराठी मुलखात याच रोगावर एक काम उभे राहिले. त्यात केटामाइनचा संबंध नव्हता. पुण्यात येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. डॉ. अनिता अवचट आणि त्यांचे पती, लेखक अनिल अवचट, यांनी ते उभारले आणि पु. ल. देशपांडे यांनी त्यास मोठे साहाय्य केले. व्यसन अचानक थांबले की शरीराची जी तडफड होते तिच्यासाठी तेथे औषधे दिली जातात. पण ३५ दिवसांच्या मुक्कामातला बहुतेक काळ जातो तो बोलण्यात, ऐकण्यात, गटात बसण्यात. व्यसनी माणसाच्या पत्नीलाही बोलावून घेतले जाते. या कामाला भाषेचा केवढा आधार आहे! आपल्या दारूविषयी माणूस परक्या भाषेत सहसा खोटे बोलतो. ज्या भाषेत त्याने बायकोला शिव्या दिल्या आणि मुलाला अंगाई म्हटली, त्याच भाषेत तो केव्हा तरी खरे बोलतो.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील एक प्रयत्नही येथे सांगितला पाहिजे. डॉ. एन. एस. वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठ-सत्तरच्या दशकांत पतंजलीच्या सूत्रांवर आधारलेला मानसोपचार तयार केला. आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा आणि ध्यान अशा त्याच्या पायऱ्या होत्या. लोणावळ्याच्या कैवल्यधामचे डॉ. विनेकर १९६६ च्या त्यांच्या इंग्रजी लेखात सहलेखक होते. पुढे १९७३ च्या अभ्यासात त्यांनी केवळ देखाव्यापुरते व्यायाम दिलेला एक गट तुलनेला ठेवला होता. योगाचा नुसता जयघोष न करता त्याला कसोटीवर उभे करण्याची ही वृत्ती मला आदरणीय वाटते. त्या चमूतील एक तरुण डॉक्टर, दिलीप जेस्ते, पुढे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१२-१३ या वर्षी अध्यक्ष झाले. भोजाने ज्या सूत्रांवर धारेत वृत्ती लिहिली, त्यांचा परळच्या रुग्णालयात झालेला हा उपयोग आपल्या जिल्ह्याने माहीत करून घ्यायला हवा.

पुन्हा केटामाइनकडे. २००० साली अमेरिकेतील येल विद्यापीठात बर्मन आणि सहकाऱ्यांनी एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. नैराश्याच्या सात रुग्णांना दर किलो वजनामागे अर्धा मिलिग्रॅम केटामाइन शिरेतून ४० मिनिटांत देण्यात आले. नेहमीच्या औषधांना जेथे आठवडे लागतात, तेथे तीन दिवसांच्या आत उदासी लक्षणीयरीत्या ओसरली. २००६ मध्ये झराटे यांच्या गटाने इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांवर हाच प्रयोग केला. दुसऱ्या दिवशी ७१ टक्के रुग्णांना चांगला फरक होता. आठवडाभर तो टिकला ३५ टक्के रुग्णांत. मेंदूतील ग्लुटामेट या द्रव्याच्या कार्यात हे औषध हस्तक्षेप करते आणि सुकत चाललेल्या चेतासंधींना पुन्हा अंकुर फुटतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसले आहे. आत्महत्येच्या उंबरठ्यावरील माणसाला काही तासांत मागे ओढता येईल, ही आशा लहान नव्हे. मार्च २०१९ मध्ये याच द्रव्याचे एक रूप, नाकात फवारण्याचे, अमेरिकेत नैराश्यासाठी मान्य झाले. ते घेतल्यावर किमान दोन तास देखरेखीखाली बसावे लागते.

या दोन्ही अभ्यासांत लेनिनग्राडचे ते तासन्‌तासांचे बोलणे नव्हते. औषध एकटे तपासायचे म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवले, आणि शास्त्राच्या दृष्टीने ते योग्यच होते. चूक झाली ती पुढे. कसोटीसाठी जे वगळले होते, ते बाजारात वगळलेलेच राहिले. अमेरिकेत ठिकठिकाणी नुसत्या सलाइनच्या खुर्च्या मांडलेली चिकित्सालये निघाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तेथील लोकप्रिय नट मॅथ्यू पेरी यांचा मृत्यू केटामाइनच्या तीव्र परिणामांनी झाला आणि पुरवठा करणाऱ्यांवर खटले भरले गेले. व्यसन म्हणून घेतल्यास हे औषध मूत्राशयाची कायमची नासाडी करू शकते. आपल्या सरकारने २०११ मध्ये मनोप्रभावी पदार्थांच्या कायद्याखाली आणि २०१३ मध्ये औषध नियमांच्या 'एक्स' अनुसूचीत ते घातले. त्यामुळे साध्या दुकानातून ते मिळत नाही. यात गैर काही नाही. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत काही मनोविकारतज्ज्ञ हट्टी नैराश्यासाठी ते देतात आणि त्यांतले जाणते डॉक्टर त्याला मानसोपचाराची जोड देतात.

आता मनावरचे काय? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशाचाही समावेश होता. निरनिराळ्या मनोविकारांत देशातील ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना राहतात, असे त्यात आढळले. आपल्या निमाडातला रुग्ण आधी बडव्याकडे जातो, मग कोणत्या तरी देवस्थानी, आणि अखेर इंदूरला. बडव्याला हसणे सोपे आहे. त्याच्या उपायाने वेळ वाया जातो आणि क्वचित जीवही जातो, हे मी नाकारत नाही. पण तो रुग्णाच्या घरच्यांना समोर बसवतो आणि त्याच्याशी भिलीत किंवा निमाडीत बोलतो. इंदूरच्या दवाखान्यात डॉक्टर हिंदीत विचारतात, 'घबराहट होती है?' आणि म्हातारी मान हलवते.

येथे मला माझ्या व्यवसायातले चार शब्द सांगू द्या. मराठीत आपण म्हणतो, तिने हाय खाल्ली, त्याने धसका घेतला, ती आतल्या आत कुढते, त्याचा जीव कशात रमत नाही. डॉक्टरांच्या कागदावर या चौघांचे निदान बहुधा एकच लिहिले जाईल. पण 'धसका' म्हटले की एखादी घटना घडून गेली आहे हे त्या शब्दातच आले. 'हाय खाणे' यात काही तरी गमावलेले आहे. 'कुढणे' या शब्दाला न बोलता आल्याचा वास आहे. ती बोलू शकली असती तर कुढली नसती. जीव न रमण्याला मात्र घटना लागत नाही. मानसोपचार करणाराने कोठून आरंभ करावा हे हे शब्दच सांगतात. हिंदीत उलथा करताना ही सारी माहिती गळून पडते. केटामाइनच्या भुलेतून परतलेल्या माणसाला तर आपण पाहिलेले सांगायलाच मुळात शब्द कमी पडतात. तेथे त्याच्या घरची भाषा काढून घेतली तर उरले काय? औषधाची मात्रा वजनावरून ठरते आणि ती मराठी माणसाला नि भिल्ल माणसाला सारखीच असते. नंतरच्या बोलण्याला अशी मात्रा नाही.

या शाळेतून डॉक्टर झालेले, परिचारिका झालेल्या, औषधांच्या दुकानात बसणारे कित्येक माजी विद्यार्थी आज येथे आहेत. केटामाइनचा उपचार मनावरला आज यावा असे मी म्हणत नाही. त्याला भूलतज्ज्ञ हवा, रक्तदाब पाहण्याची सोय हवी, दीर्घ देखरेख हवी. पण तो केव्हा तरी धारपर्यंत येईलच, आणि त्याच्या आधीही नेहमीची औषधे आणि साधा मानसोपचार येथे पोचायला हवा. तोवर एक काम या शाळेला करता येईल. मन बिघडल्याचे सांगणारे निमाडी, माळवी, भिली आणि आपल्या घरांतल्या मराठीतले शब्द आठवी-नववीच्या मुलांनी आपापल्या आजी-आजोबांना विचारून एका वहीत लिहून काढावेत. प्रत्येक शब्दापुढे तो केव्हा म्हणतात आणि केव्हा म्हणत नाहीत, हे त्यांच्याच एखाद्या वाक्यात नोंदवावे. कोणाचे नाव लिहू नये. वही पुरी झाली की तिच्या प्रती धारच्या जिल्हा रुग्णालयाला आणि इंदूरच्या बाणगंगेच्या मनोरुग्णालयाला पाठवाव्यात. मराठी शब्द तपासून देण्याचे काम मी आनंदाने करीन. भिलीसाठी मात्र त्या भाषेत वाढलेला शिक्षक शोधावा लागेल, आणि तो याच शाळेच्या माजी विद्यार्थ्यांत मिळेल असे मला मुख्याध्यापकांनी आज सकाळीच सांगितले आहे.